पुसदच्या पेठेतील जुना माल आणि दुरुस्तीचे हुन्नर

पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या कोंडाळ्यात वसलेल्या पुसद या तालुक्याच्या गावी ज्याला नव्याने संसार थाटावयाचा असतो, त्याला पहिल्याच महिन्यात दोन गोष्टींची तजवीज करावी लागते. घरातील मोडतोड नीट करून देणारा भरवशाचा कारागीर कोठे मिळेल याची चौकशी ही पहिली. आणि जी वस्तू नवी करकरीत घेणे ऐपतीबाहेरचे आहे ती वापरलेली, परंतु चालू स्थितीतील, कोणाकडून घ्यावी याचा शोध ही दुसरी. आपल्याकडे या दोन गोष्टींचा विचार निरनिराळा केला जातो. पहिलीला मजुरीचा व्यवहार म्हणतात, दुसरीला भंगाराचा धंदा म्हणून नाक मुरडतात. मला मात्र हा प्रश्न मुळात एकच वाटतो, कारण जुन्या वस्तूला बाजारात जी काही किंमत येते ती त्या वस्तूच्या लाकडालोखंडाची नसून, तिला पुन्हा चालती करणारा हात गावात हयात आहे किंवा नाही, याची असते. तो हात गेला की तीच वस्तू दुसऱ्या दिवशी वजनावर विकली जाते.

पुसदच्या बाबतीत हा विचार करण्यास विशेष कारण आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७३ हजार वस्ती असलेले हे शहर आजूबाजूच्या शेकडो खेड्यांची व तांड्यांची पेठ आहे. पण आजवर त्याला आगगाडी लाभलेली नाही. वर्धा, यवतमाळ व नांदेड यांना जोडणाऱ्या ज्या लोहमार्गाचे काम चालू आहे तो पुसदवरून जावयाचा आहे, तोपर्यंत सारा अवजड माल सडकेनेच येतो आणि वाहतुकीचा खर्च अंगावर घेऊनच दुकानात मांडला जातो. राज्यकर्त्यांच्या दफ्तरातही हा मुलूख अनेकदा इकडून तिकडे गेला. निजामाच्या वऱ्हाडातून १८५३ साली तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आधी बासीम म्हणजे वाशीम जिल्ह्यात असलेला पुसद तालुका १९०५ च्या फेररचनेत यवतमाळकडे गेला. मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, असा त्याचा पुढील प्रवास झाला. कचेऱ्या बदलल्या तरी जिल्ह्याचे ठाणे दूरचे दूरच राहिले. अशा आडवळणाच्या पेठेत मोडलेली वस्तू फेकून नवी आणण्यापेक्षा ती सांधून घेण्याकडे लोकांचा कल असावा, हे स्वाभाविकच होय. आणि हा कल केवळ दारिद्र्याचे लक्षण समजणे हा त्या लोकांच्या शहाणपणावर अन्याय आहे.

सडका होण्यापूर्वी या डोंगराळ भागाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार बंजारा समाजाच्या लदेणीवर चालत असे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून समुद्रकाठचे मीठ देशावर व वऱ्हाडात आणावे आणि इकडचे धान्य व कापूस परतीच्या वाटेने न्यावा, असा तो शतकानुशतकांचा क्रम होता. लोहमार्ग आणि पक्क्या सडका आल्यावर तो खुंटला, आणि तांडे डोंगरांच्या कुशीत शेती धरून स्थिरावले. त्यांपैकी गहुली या पुसद तालुक्यातील गावी १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे सर्वश्रुत आहे. ज्या समाजाचे सारे घर एका बैलावर लादता येत असे, त्याला वस्तूचे आयुष्य वाढविण्याची कला अवगत असणारच. तांड्यावरच्या स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरील, म्हणजे घागरा-चोळीवरील, आरसे व कवड्या कापड विरले तरी टाकून दिल्या जात नसत; उसवून त्या नव्या वस्त्रावर चढत, आणि उरलेल्या चिंध्यांची गोधडी होई.

गावगाड्यात घरगुती सेवेची व्यवस्था कशी होती, याचे सर्वांत विस्तृत वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात आहे, आणि लगेच दुसऱ्या वर्षी, १९१६ साली, रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर जे चार खंड प्रसिद्ध केले त्यांतही कारागीर जातींची बरीच माहिती सापडते. आत्र्यांचे वर्णन मुख्यतः देशावरचे असले तरी त्याचा सांगाडा वऱ्हाडासही लागू पडतो. सुताराने तिफण व वखर नीट करून द्यावे, लोहाराने पास पाजवून द्यावी, चांभाराने मोट व जोडे शिवावे, आणि त्याबद्दल कुणब्याने खळ्यावर ज्वारीचा ठरीव वाटा मोजावा, असा तो बलुतेदारीचा करार होता. या व्यवस्थेत हमी होती, यात संशय नाही. काम बिघडले तर कारागीर पळून जाऊ शकत नव्हता, आणि पीक बुडाले तर त्याच्याही घरी चूल विझत असल्यामुळे उभयतांचे दैव एकाच दोरीने बांधलेले होते.

परंतु या हमीची किंमत कोणी चुकवली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याला गाव सोडता येत नाही, धंदा बदलता येत नाही, आपल्या श्रमाचा भाव आपण ठरविता येत नाही, त्याच्याकडून मिळणारी खात्रीची सेवा ही सक्तीचेच दुसरे रूप असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, त्यामागे हेच दुःख होते. अल्प मोबदल्यात रात्रंदिवस सरकारचे व गावाचे काम उपसणाऱ्या महार वतनदारांची त्यातून सुटका व्हावी, अशी त्यांची मागणी होती. म्हणून बलुतेदारी गेली याबद्दल हळहळणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिसळता येत नाही. खेद करावयाचा तो एवढ्याचसाठी, की सक्ती गेल्यावर तिच्या जागी बरोबरीच्या नात्याने दिलेली-घेतलेली हमी आपण निर्माण केली नाही.

बलुतेदारांच्या जोडीला फिरस्ते कारागीर होते, आणि शहराच्या दृष्टीने पाहता त्यांचेच काम अधिक होते. घिसाडी रस्त्याकडेला भाता मांडून विळे-कुऱ्हाडी घडवी. जात्याला व पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे दारोदार हाळी देत फिरत. बुरड सुपे व टोपल्या विकी. शिकलगार सहाणेवर सुऱ्या-कात्र्यांना धार लावी. या सर्वांत कल्हईवाल्याचे हुन्नर मला सर्वश्रेष्ठ वाटते, कारण त्यात घराच्या आरोग्याची जबाबदारी सामावलेली होती. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच किंवा लिंबू राहिले की धातूचा अंश अन्नात उतरून ते कळकते, आणि असे अन्न पोटात गेल्यास ओकाऱ्या व पोटशूळ होतो. त्यावर कथलाचा पातळ थर हा उपाय. जमिनीत खळगा करून त्यात कोळसा पेटवावयाचा, भात्याने तो फुलवावयाचा, घासून स्वच्छ केलेले भांडे त्यावर फिरवीत तापवावयाचे, योग्य क्षणी नवसागराची पूड टाकावयाची, म्हणजे पांढरा धूर उठून धातूवरचा मळ सुटतो; मग कथलाची कांडी टेकवताच ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो रस सर्वांगी पसरून भांडे पाण्यात बुडविले की आतून रुप्यासारखे झळकू लागते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्याहून कमी तापले तर थर धरत नाही, फार तापले तर तो काळवंडतो. हातात कोणतेही तापमापक नसता केवळ नजरेने व धुराच्या रंगाने हा क्षण ओळखणाऱ्या माणसाला अशिक्षित म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

निष्कलंक पोलादाची भांडी, ज्यांना आपण सरसकट ‘स्टील’ म्हणतो, घरोघर आली आणि हे हुन्नर ओसरले. आजीच्या लग्नातले हंडे, घागरी, परात व गंज ही भांडेवाल्याच्या काट्यावर मोडीच्या भावाने गेली. पितळ-तांब्याला मोड येते, स्टीलला जवळजवळ येत नाही. म्हणजे आपल्या आजीचे भांडे चाळीस वर्षे वापरूनही धन होते आणि आपले भांडे घरात येताच खर्चात जमा होते. हा फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून क्वचितच सांगितला जातो. गृहिणीला तो पाठ असतो.

पिंजाऱ्याची कथा थोडी निराळी आहे. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सरकी काढलेली रुई इथल्या माणसाला परदेशी वस्तू नव्हे. गादी दोन-चार वर्षांत दबून कठीण झाली की तिची खोळ उसवून रुई पुन्हा पिंजावयाची, उन्हात तापवावयाची आणि भरून टाके घालावयाचे, की तीच गादी पुन्हा उबदार होते. अंगणात वाजणाऱ्या त्या पिंजणीच्या तारेची जागा विजेच्या यंत्राने घेतली असली तरी धंदा जिवंत आहे, कारण इथे यंत्राने फक्त जुन्या हुन्नराचे अवजार बदलले. हुन्नर निरुपयोगी केले नाही. फोमच्या गादीला मात्र हा पुनर्जन्म नाही. ती दबली की दबली; मग ती नाल्याकाठी टाकली जाते, आणि तिच्यावर पिंजाऱ्याचे व भंगारवाल्याचे, दोघांचेही हात चालत नाहीत.

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीविषयी मुंबई-पुण्याच्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. लहान गावांतही हा विनिमय चालतो, आणि त्यातील घासाघीस दोन्ही पक्षांच्या बुद्धीची कसोटी पाहणारी असते: जरीकाठ खरा की खोटा, पँटचा गुडघा विरला आहे काय, भांड्याचा पत्रा किती जाड. तिने नेलेले कापड पुढे कोठे जाते याचा माग काढू लागलो तर तो लांबवर नेतो. धुऊन, इस्त्री करून त्यातील बरे कपडे मजुरांच्या बाजारात विकले जातात, आणि लोकर पानिपतच्या गिरण्यांत पुन्हा सूत होऊन ब्लँकेटच्या रूपाने परत येते. मोठ्या शहरांत अशा मालाच्या प्रसिद्ध पेठा आहेत. मुंबईचा चोर बाजार, पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुना बाजार. गुजरातच्या किनाऱ्यावर अलंग येथे १९८३ पासून जहाजे मोडली जातात, आणि त्या जहाजांवरची कपाटे, गाद्या, स्वयंपाकघरातील भांडी व शौचकूपाची पात्रेसुद्धा रस्त्याच्या दुतर्फा दुकानांतून मांडलेली असतात. पुसदला समुद्र नाही आणि जहाजेही नाहीत. येथील जुना माल येतो तो घरोघरच्या स्थित्यंतरांतून. बदली झालेल्या कारकुनाची खाट, वाटणीत आलेले जादा कपाट, हप्ते फिटण्याआधीच विकावी लागलेली दुचाकी, ही त्याची उगमस्थाने होत.

त्यांत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा. १९८३ साली स्थापन झालेले बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय व त्याआधीपासूनची फुलसिंग नाईक यांच्या नावाची संस्था यांमुळे पुसद हे विद्येचे ठाणे बनले. बाहेरगावचा विद्यार्थी भाड्याच्या खोलीत येताना खाट, टेबल, सायकल आणि उन्हाळ्यासाठी कूलर जमवतो, आणि जाताना मागच्या वर्गाला विकतो. या साखळीत दलाल नाही, दुकान नाही, आणि फसवणूकही फारशी नाही, कारण विकणारा व घेणारा परस्परांच्या ओळखीचे असतात.

कूलर ही तर वैदर्भीय गृहस्थाश्रमाची खास वस्तू होय. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला म्हणजे पत्र्याची ती पेटी चैनीची उरत नाही. तिची रचना इतकी साधी आहे, की तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि सुटा बदलता येतो: वाळ्याची किंवा लाकडी तुसाची ताटी, पाणी चढविणारा लहान पंप, पंखा व त्याची मोटार. मोटार जळली तर तांब्याची तार नव्याने गुंडाळून, म्हणजे तिचे रिवाइंडिंग करून, ती पुन्हा चालविता येते. पत्रा गंजला तर रंग व झाळकाम होते. म्हणूनच दहा वर्षांच्या कूलरलाही गिऱ्हाईक मिळते. याउलट ज्या यंत्राचा मेंदू एका सीलबंद पट्टीत कोंडलेला असतो आणि ती पट्टी उत्पादकाखेरीज कोणाला मिळत नाही, ते यंत्र कितीही सुबक असो, हमीची मुदत संपताच पेठेतून बाद होते. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, ते याच अडचणीसाठी. त्या हक्काला कायद्याचे बळ मिळाले तर त्याचा पहिला लाभ दिल्ली-मुंबईला नव्हे, पुसदसारख्या गावांना होईल.

जुन्या वाहनांचा व्यवहार मोठा आहे, आणि त्यातील धोकाही मोठा. बैलबाजारात बैल घेताना पूर्वजांनी दोन खबरदाऱ्या घेतल्या होत्या. दात पाहून वय ठरवावयाचे, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला याप्रमाणे भाव. आणि सौदा रुमालाखाली बोटे दाबून गुप्तपणे ठरला तरी पावती मात्र उघडपणे घ्यावयाची, कारण जनावर चोरीचे निघाले तर ती पावती हीच घेणाऱ्याची सुटका. मोटारसायकलीच्या बाबतीत ही दुसरी खबरदारी लोक विसरले. पैसे मोजून, किल्ली घेऊन, नोंदणीपुस्तक मूळ मालकाच्याच नावावर ठेवून गाड्या तीन-तीन हातांतून फिरतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत कळवावयाचे असते व घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज आहेत, आणि कर्ज असेल तर ते फिटल्याबद्दल नमुना ३५. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला, की अपघात घडल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याची. म्हणजे पाच वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा शेतकरी एका अनोळखी माणसाच्या अपघातापायी आपले शेत गहाण टाकण्याच्या पाळीवर येऊ शकतो. हे कागद पुरे करण्यासाठी यवतमाळच्या परिवहन कार्यालयाकडे धाव घ्यावी लागते, ही सबब खरी असली तरी पुरेशी नाही.

चोरीच्या मालाचा संशय हे या धंद्यावरचे जुने सावट आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि असलाच पाहिजे. परंतु त्या संशयाचा भार नेहमी फिरस्त्यांच्याच डोक्यावर पडत आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मतःच आरोपी ठरविले होते, आणि १९५२ साली तो रद्द होऊनही पोत्यात पत्रा गोळा करणाऱ्या माणसाकडे पाहण्याची नजर फारशी निवळलेली नाही. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत स्थापन झाली आणि सभासदांच्या गळ्यात ओळखपत्र आले, तेव्हा ते ओळखपत्र केवळ कागद राहिले नाही. आपण धंदा करतो, चोरी नव्हे, हे सांगण्याचे ते साधन झाले. लहान नगरपरिषदांना असे ओळखपत्र देण्यास कोणतीही मोठी खर्चाची बाब मंजूर करून घ्यावी लागत नाही.

आता ज्या एका प्रकरणी मला कळकळीने लिहावयाचे आहे तिकडे वळतो. शेतीची जुनी अवजारे हा पुसदच्या पेठेचा कणा. पंप, इंजिने, वखर, ट्रॅक्टरचे सुटे भाग, फवारणीची यंत्रे, सारे काही वापरलेले मिळते, आणि लहान शेतकऱ्याचा त्यावरच निभाव लागतो. त्यात फवारणीच्या पंपाचा प्रश्न जिवावरचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. माणसाहून उंच वाढलेली कपाशी, औषधांचे घातक मिश्रण, अंगावर संरक्षक पोशाखाचा अभाव, अशी अनेक कारणे त्यामागे होती, आणि केवळ जुन्या पंपांना दोष देणे चुकीचे होईल. तरी ज्याची टाकी चिरलेली आहे किंवा ज्याच्या झाकणाचा वायसर गेला आहे असा पंप पाठीवर घेतला, की विष थेंबाथेंबाने कातडीत मुरते, हे सांगावयास तज्ज्ञ नको. काही रुपयांचा वायसर व दुरुस्ती करणाऱ्याची थोडी दक्षता येथे माणूस वाचवू शकते. दुरुस्तीच्या हुन्नराला मी सार्वजनिक हिताची बाब म्हणतो ती अशा अर्थाने.

याहून भयंकर गोष्ट रिकाम्या डब्यांची. औषधाचे मजबूत प्लास्टिकचे डबे भंगारात जातात, तेथून धुऊन पुन्हा घरात येतात, आणि पाण्यासाठी, तेलासाठी, क्वचित धान्यासाठी वापरले जातात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, पुन्हा वापरले जातील असे बाहेर टाकू नयेत, असे स्वच्छ लिहिलेले आहे. नियम पुस्तकात आणि डबा चुलीशेजारी, ही स्थिती चालू देणे पाप आहे. वस्तू पुन्हा वापरावी या तत्त्वाचा मी पक्षपाती आहे. पण त्या तत्त्वालाही येथे सीमा आहे, आणि ती भंगारवाल्याला, दुकानदाराला व गृहिणीला सारखीच ठाऊक असली पाहिजे.

सरकारचे लक्ष या क्षेत्राकडे अलीकडे वळले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर बसणाऱ्याला हटविण्यापूर्वी त्याला सूचना देण्याची व्यवस्था केली. २००८ च्या महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळाच्या कायद्याने धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणून ओळख दिली, जरी नोंदणीचे लाभ अजून त्यांतल्या अनेकींच्या दारी पोहोचावयाचे आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्यात दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, परीट व न्हावी त्या यादीत आहेत. कल्हईवाल्याचे व पिंजाऱ्याचे तिथे स्वतंत्र नाव नाही. कूलरची मोटार गुंडाळणाऱ्याचेही नाही, कारण त्याची जात परंपरेने ठरलेली नाही आणि त्याचे हुन्नर नवे आहे. कारागिराची व्याख्या बापजाद्यांच्या धंद्यावरून करण्याची सवय कायद्याने मोडली तरी योजनांच्या यादीतून ती अद्याप पुरती गेलेली नाही.

पुसदच्या नगरपरिषदेने व बाजार समितीने मनावर घेतले, तर काही गोष्टी मोठ्या निधीवाचून होण्याजोग्या आहेत. आठवडी बाजारात दुरुस्ती करणाऱ्यांना एक ठरीव, सावलीची, पाण्याची सोय असलेली जागा द्यावी, म्हणजे खेड्यावरून आलेल्या माणसाला सकाळी वस्तू टाकून संध्याकाळी परत नेता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी काही महिने या जाणत्या कारागिरांच्या हाताखाली काढावेत आणि त्या कारागिरांना शिक्षक म्हणून मानधन मिळावे. जुन्या मालाच्या दुकानदाराने प्रत्येक खरेदीविक्रीची पावती फाडावी व तिच्यावर वस्तूतील ज्ञात दोष लिहून द्यावा. फवारणीच्या जुन्या पंपाची पाणी भरून गळती तपासल्याखेरीज विक्री होऊ नये. आणि खरिपाच्या तोंडावर, बियाणे-औषधांची दुकाने गजबजतात तेव्हा, प्रत्येक दुकानदाराने विकलेल्या औषधाचा रिकामा डबा परत घेऊन, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याला तळाशी भोक पाडून, निराळ्या पिंपात टाकावा आणि ती पिंपे नियमांबरहुकूम नष्ट करण्याचा बंदोबस्त कृषी खात्याने हंगाम संपण्याच्या आत करावा.